घराची विक्री आणि कमी मागणी : किनवटच्या बाजारपेठेच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

किनवट तालुक्यातील शेतकरी कापूस किंवा सोयाबीन घेऊन बाजारात जातो, तेव्हा त्या दिवसाचा भाव गावात बहुतेकांना ठाऊक असतो. तो भाव पटला नाही तर माल काही दिवस ठेवून घेण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. परंतु भाव काय आहे ह्याविषयी त्याच्या मनात संशय नसतो. घराची गोष्ट निराळी आहे. एका घरासारखे दुसरे घर नसते. बहुतेक कुटुंबे आयुष्यात घर एकदा, फार तर दोनदा विकतात. त्यामुळे अनुभवाने शहाणे होण्याची संधी मिळत नाही. गिऱ्हाइके एकत्र येत नाहीत, एकामागून एक येतात आणि त्यांच्यामध्ये कित्येक महिने जातात. ह्या सर्व कारणांमुळे घराला ‘आजचा भाव’ असा नसतो. असतात त्या सुट्या सुट्या मागण्या.

मराठी व्यवहारभाषेत विकणारा किंमत ‘सांगतो’ आणि घेणारा ‘मागतो’. घर २५ लाखांना सांगितले आणि २० लाखांना मागितले, असे म्हणण्याची रीत आहे. ह्या दोन क्रियापदांत जे अंतर पडते त्यापुढे विक्रेत्याने काय करावे, कमी मागणी स्वीकारावी की नाकारावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

घराची विक्री ही इतर विक्रीहून वेगळी आहे ही जाणीव प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचे स्वतंत्र नियम आढळतात. ज्ञाती, शेजारी आणि धनको ह्यांना त्या क्रमाने खरेदीचा अग्रहक्क आहे. इतरांचा विचार त्यानंतर होतो. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष घरापुढे किंमत तीन वेळा पुकारावयाची, कोणी हरकत न घेतल्यास व्यवहार पुरा व्हावयाचा, आणि खरेदीदारांच्या चढाओढीने किंमत वाढल्यास ती वाढ शुल्कासह राजकोशात जमा व्हावयाची, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे चढाओढीचा लाभ तेथे विक्रेत्याला मिळत नाही. आज कायद्याने तसा प्रतिबंध नाही. परंतु जेथे गिऱ्हाइकेच थोडी तेथे चढाओढ क्वचितच होते, आणि सांगितलेली किंमत ही चढण्याची पायरी न राहता उतरण्याची पायरी होऊन बसते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. किनवटमधील एका घराचा मालक मृत्युपत्र न करता निवर्तला. घर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीतील आहे. मागे विधवा पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस आहेत व १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकाचा वाटा एक-चतुर्थांश आहे. थोरला मुलगा आईसह त्याच घरात राहतो. धाकटा पुण्यास नोकरीला आहे आणि मुलगी विवाहानंतर हैदराबादेस राहते. घर विकण्यावर चौघांचे एकमत आहे. किंमत २५ लाख सांगितली आहे. काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक येते आणि घर २० लाखांना मागते. थोरला भाऊ म्हणतो, ‘हे घर फुंकून टाकणे झाले.’ पुण्याचा भाऊ म्हणतो, ‘आले आहे गिऱ्हाईक तर देऊन मोकळे व्हा.’ ह्या दोघांपैकी कोणाचे बरोबर, ह्या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे तर हिशेबाने काढता येते. आणि ते उत्तर वाटते तितके एकेरी नाही.

२. राखीव किंमत म्हणजे काय

कमी मागणी आली की विक्रेता स्वाभाविकपणे तिची तुलना सांगितलेल्या किमतीशी करतो. २५ मधून २० गेले, पाच लाखांचा तोटा झाला, असे त्याला वाटते. ही तुलना मुळातच चुकीची आहे. सांगितलेली किंमत हा विक्रेत्याने स्वतः उच्चारलेला आकडा आहे. ते पैसे त्याच्या हाती कधीच नव्हते. खरी तुलना करावयाची ती नकार देण्याच्या मूल्याशी. आजची मागणी नाकारली तर पुढे काय मिळण्याचा संभव आहे आणि ते मिळेपर्यंत किती खर्च होईल, ह्यांची वजाबाकी म्हणजे नकाराचे मूल्य. जी मागणी ह्या मूल्याहून अधिक ती स्वीकार्य. जी कमी ती त्याज्य. ह्या सीमारेषेवरील आकड्याला अर्थशास्त्रात राखीव किंमत म्हणतात.

बाजारातील किमतींची माहिती फुकट मिळत नसून ती शोधावी लागते आणि शोधाला खर्च असतो, ह्या साध्या वस्तुस्थितीला शास्त्रीय रूप जॉर्ज स्टिग्लर ह्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीच्या अर्थशास्त्रावरील निबंधात दिले. पुढे १९७० मध्ये जॉन मॅक्कॉल ह्यांनी नोकरी शोधणाऱ्याच्या संदर्भात एकामागून एक येणाऱ्या प्रस्तावांची मीमांसा केली. तिचे सार असे : आणखी एका प्रस्तावाची वाट पाहण्याचा खर्च आणि त्या प्रस्तावापासून अपेक्षित असलेला जादा लाभ ही ज्या आकड्याशी समान होतात, तो आकडा म्हणजे राखीव वेतन. घराच्या विक्रीला हाच न्याय लागू पडतो.

उदाहरणातील घराला ज्या मागण्या येऊ शकतात त्या १८, २०, २२ किंवा २४ लाखांच्या असून चारींचा संभव सारखा आहे असे समजू. वाट पाहण्याचा खर्च असा धरू : २० लाख रुपये हाती येऊन शेकडा ८ दराने गुंतविले असते तर वर्षाला १ लाख ६० हजार व्याज मिळाले असते, ते बुडाले. शिवाय घरपट्टी, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी आणि देखभाल ह्यांसाठी वर्षाला ४० हजार. एकूण २ लाख.

आता मागण्या दर तीन महिन्यांनी एक ह्या गतीने येत असतील, तर एका मागणीसाठी थांबण्याचा खर्च ५० हजार रुपये पडतो. विक्रेत्याने २२ लाखांखाली द्यावयाचे नाही असे ठरविले तर चारांपैकी दोन मागण्या स्वीकार्य ठरतात; त्यांची सरासरी २३ लाख; आणि अशी मागणी मिळण्यास सरासरीने दोन मागण्यांचा काळ, म्हणजे सहा महिने लागतात. २३ लाखांतून १ लाख खर्च गेला, २२ लाख उरले. नकाराचे मूल्य २२ लाख असताना २० लाखांना घर देणे ही खरोखरच घाई होईल.

मागण्या सहा महिन्यांनी एक अशा येऊ लागल्या तर प्रत्येक प्रतीक्षेचा खर्च १ लाख होतो आणि त्याच रीतीने राखीव किंमत २१ लाखांवर उतरते. आणि वर्षाला एकच मागणी येत असेल तर? प्रतीक्षेचा खर्च २ लाख. २२ लाखांचा आग्रह धरला तर सरासरीने दोन वर्षे थांबावे लागेल. २३ मधून ४ लाख गेले, उरले १९. त्याऐवजी २० किंवा अधिक जे येईल ते घ्यावयाचे ठरविले तर सरासरी मिळकत २२ लाख, थांबण्याचा काळ एक वर्ष चार महिने, खर्च २ लाख ६७ हजार आणि उरलेली रक्कम सुमारे १९ लाख ३३ हजार. ह्यापेक्षा चांगले धोरण त्या स्थितीत नाही. म्हणून आज समोर आलेले २० लाख स्वीकारणे शहाणपणाचे ठरते.

घर तेच, गिऱ्हाइकांची ऐपत तीच, व्याजाचा दर तोच. केवळ मागण्यांची वारंवारता बदलताच २० लाखांची एकच मागणी एका ठिकाणी त्याज्य आणि दुसऱ्या ठिकाणी स्वीकार्य ठरते. शहरात राहणारा आप्त ‘आमच्याकडे कोणी इतके खाली येत नाही’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याचा सल्ला वेगळ्या वारंवारतेच्या बाजारपेठेतून आलेला असतो.

येथे एका लोकप्रिय नियमाविषयी सावध करणे आवश्यक आहे. एकामागून एक येणाऱ्या उमेदवारांपैकी पहिले सुमारे ३७ टक्के पाहून सोडून द्यावेत आणि नंतर त्या सर्वांहून सरस असा जो पहिला येईल तो निवडावा, असा गणितातील एक प्रसिद्ध निष्कर्ष आहे. परंतु त्यात उमेदवारांची एकूण संख्या आधी माहीत असते, गुणवत्तेचा अंदाज मुळीच नसतो आणि सर्वोत्तमाखेरीज कोणाचीही निवड निष्फळ मानली जाते. घरविक्रेत्याच्या बाबतीत ह्यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. किती गिऱ्हाइके येतील हे त्याला ठाऊक नसते. किमतींचा ढोबळ अंदाज असतो. आणि सर्वोत्तमाच्या खालोखाल मिळालेली किंमत ही काही शून्य नव्हे.

३. किनवटची विरळ बाजारपेठ

किनवट हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे तालुक्याचे गाव आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर. उत्तरेस पैनगंगेपलीकडे विदर्भातील यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या बाजूस तेलंगणातील आदिलाबाद. १९५६ पूर्वी हा तालुका हैदराबाद संस्थानाच्या व पुढे राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मराठवाड्याच्या इतर भागाबरोबर तत्कालीन मुंबई राज्यात आला. सागवानी जंगल, कोरडवाहू शेती आणि गोंड, कोलाम, आंध, प्रधान ह्या जमातींची वस्ती ही तालुक्याची ओळख होय. अशा ठिकाणी घर घेणारा वर्ग मर्यादित असतो : स्थानिक व्यापारी, शाळा व कचेऱ्यांतील नोकरदार आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून तालुक्याच्या गावी येऊ पाहणारे सधन शेतकरी. वर उल्लेखिलेली वर्षाला एक मागणी ही म्हणूनच केवळ गणिताच्या सोयीची कल्पना नव्हे.

ह्या बाजारपेठेची दोन वैशिष्ट्ये राखीव किमतीवर विशेष परिणाम करतात. पहिले, पैशाचा हंगाम. खरिपाचे सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते आणि कापसाची वेचणी त्यापुढे चालू राहते. साहजिकच शेतकऱ्याच्या हाती रोकड येते ती दिवाळीनंतर. पितृपंधरवड्यात घराचा सौदा करावयास पुष्कळ लोक तयार नसतात. उलट दसरा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे दिवस शुभ मानले जातात. मृग लागला की हातचा पैसा बी-बियाणे आणि खतांत जातो. ह्यावरून असे दिसते की मागण्यांची वारंवारता वर्षभर सारखी नसते. मार्गशीर्षात आलेली कमी मागणी नाकारणाऱ्यापुढे सबंध हंगाम उरलेला असतो; तीच मागणी ज्येष्ठात नाकारणाऱ्याला पुढच्या गिऱ्हाइकासाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागण्याचा संभव अधिक. म्हणून राखीव किंमत हा वर्षभर एकच राहणारा आकडा नसून हंगाम सरत जातो तसा तो खाली येत जाणे युक्त आहे.

दुसरे वैशिष्ट्य कायद्याचे. आदिवासी भोगवटादाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने जाण्यास १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आणि तिला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. हे कलम १९७४ च्या दुरुस्तीने आले. जमिनी हातच्या जाऊन देशोधडीला लागणाऱ्या कुटुंबांना संरक्षण देणे हा त्याचा हेतू आहे. अशा जमिनीवरील घराला मंजुरीवाचून आलेली मोठी मागणी ही कायद्याच्या दृष्टीने मागणीच नव्हे. तिच्याशी तुलना करून योग्य गिऱ्हाइकाची लहान मागणी नाकारणे म्हणजे मृगजळासाठी पाणी सांडणे होय.

मात्र मागण्यांची वारंवारता ही सर्वस्वी दैवाधीन आहे असे मानण्याचे कारण नाही. वारसांची नावे मालमत्तेच्या नोंदीवर लागलेली नसणे, घरपट्टी थकलेली असणे, हद्दीबद्दल शेजाऱ्याशी वाद असणे, ह्या कारणांनी गिऱ्हाईक परत जाते आणि बँक कर्ज नाकारते. कर्ज मिळत नाही म्हणजे नोकरदारांचा वर्ग बहुतांशी गळून पडतो आणि उरतो तो रोकड बाळगणारा थोडा वर्ग. तो स्वस्तात मागणारच. वरील हिशेबात वारंवारता वर्षाला एकीवरून दोहोंवर गेल्यास राखीव किंमत सुमारे १ लाख ६७ हजारांनी वाढते. कागदपत्रे निर्दोष करण्यास एवढा खर्च क्वचितच येतो. किंमत उतरविण्याआधी गिऱ्हाइके वाढविण्याचा प्रयत्न करावा, हे सूत्र म्हणूनच विरळ बाजारपेठेत अधिक महत्त्वाचे आहे.

४. आकडा आणि मागणी

मागणी म्हणजे नुसता आकडा नव्हे. तिच्यात रक्कम, मुदत, देण्याची रीत आणि गिऱ्हाइकाची विश्वसनीयता ह्या चारही गोष्टी येतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या करारामुळे खरेदीदाराला मालमत्तेत कोणताही हितसंबंध प्राप्त होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. इसारपावतीपासून खरेदीखतापर्यंतचा काळ हा म्हणून अनिश्चिततेचा काळ असतो. २२ लाखांचे गिऱ्हाईक अल्प इसार देऊन वर्षाची मुदत मागत असेल आणि ते खरेदीखतापर्यंत पोचण्याचा संभव निम्माच असेल, तर महिन्याभरात खरेदीखत करून देणाऱ्या २० लाखांच्या गिऱ्हाइकापुढे त्याची मागणी फिकी पडते.

किमतीचा काही भाग रोख देण्याच्या बोलीवर आलेली जादा मागणीही अशीच फसवी असते. स्थावराच्या व्यवहारातील आगाऊ रक्कम २० हजार वा अधिक झाल्यास ती रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई केली असून तेवढ्याच रकमेच्या दंडाची तरतूद आहे. जो आकडा खरेदीखतात लिहिता येत नाही तो हिशेबातही धरता येत नाही.

खालच्या बाजूस शासकीय मूल्याचा विचार करावा लागतो. मुद्रांक शुल्क हे लिहिलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे ज्याला बोलण्यात रेडीरेकनर म्हणतात त्यानुसार, येणारे बाजारमूल्य ह्यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात २००२ साली घातलेल्या कलम ५०-क ने हेच मूल्य विक्रेत्याच्या भांडवली नफ्यासाठीही विक्रीची किंमत म्हणून मानले. पुढे काही सूट मिळाली : शासकीय मूल्य प्रत्यक्ष किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर प्रत्यक्ष किंमतच ग्राह्य धरण्याची तरतूद २०२० साली झाली. त्याआधी ही मर्यादा १०५ टक्के होती. उदाहरणातील घराचे शासकीय मूल्य २२ लाख असेल तर २० लाखांची विक्री ह्या मर्यादेत बरोबर बसते. १९ लाखांना विकल्यास मात्र न मिळालेल्या ३ लाखांवरही नफ्याचा हिशेब होईल आणि त्याच फरकावर खरेदीदारालाही कर द्यावा लागण्याचा संभव आहे. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. पण तो मार्ग वेळखाऊ आहे. म्हणजे १९ आणि २० ह्यांतील अंतर एक लाखाहून अधिक आहे.

नकार कसा द्यावयाचा ह्यालाही कायद्याचे अंग आहे. १८४० सालच्या हाइड विरुद्ध रेंच ह्या इंग्लिश खटल्यात विक्रेत्याने शेतवाडी १००० पौंडांना देऊ केली. खरेदीदाराने ९५० पौंडांची उलट मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्याने १००० पौंड देण्याची तयारी दर्शविली. उलट मागणीने मूळ प्रस्ताव संपुष्टात आला, सबब करार झालाच नाही, असा निर्णय झाला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही स्वीकार पूर्ण व बिनशर्त असावा लागतो. विक्रेत्याने ह्यातून घ्यावयाचा बोध असा की २० लाखांच्या मागणीला ‘२३ च्या खाली नाही’ असे उत्तर दिले की २० लाख हक्काने परत मागता येत नाहीत. विरळ बाजारपेठेत तत्काळ नकारापेक्षा ठरावीक तारखेपर्यंत विचाराची मुदत मागून घेणे म्हणूनच हितावह. अर्थात् गिऱ्हाइकाला तोवर मागणी मागे घेता येते, हे विसरून चालणार नाही.

५. मनाचा तराजू

हिशेब इतका सरळ असूनही विक्रेते तो करीत नाहीत, ह्याचे कारण मानसशास्त्रात सापडते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्यांनी १९७९ मध्ये असे मांडले की मनुष्य लाभ-हानीचे मोजमाप एखाद्या संदर्भबिंदूपासून करतो आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला अधिक होते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर ह्यांनी बॉस्टन शहरातील सदनिकांच्या १९९० नंतरच्या विक्रीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदी किमतीहून कमी मिळण्याची वेळ आली होती, त्या मालकांनी सांगितलेली किंमत ही अपेक्षित विक्रीकिंमत आणि मूळ खरेदीकिंमत ह्यांतील फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांनी चढी होती. त्यांतील ज्यांची घरे विकली गेली त्यांना काहीशी अधिक किंमत मिळालीही. परंतु त्यांची घरे विकली जाण्याचा वेग मंद राहिला.

किनवटसारख्या गावी संदर्भबिंदू बहुधा खरेदीची किंमत नसतो, कारण घर विकत घेतलेले नसून बांधलेले वा वारशाने आलेले असते. तेथे संदर्भबिंदू असतो बांधकामाला आलेला खर्च, वापरलेले सागवान किंवा गल्लीतील दुसऱ्या घराला ‘म्हणे’ मिळालेली किंमत. ह्यांपैकी सागवानाला मोडीतही बाजारमूल्य असल्यामुळे त्याचा विचार रास्त आहे. बांधकामाचा खर्च मात्र होऊन गेलेला आहे. तो गिऱ्हाइकाच्या ऐपतीत भर घालीत नाही. आणि ऐकीव किमतीची शहानिशा नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक २ वरून करता येते. तेथील आकडेही नेहमीच पूर्ण सत्य सांगतात असे नाही. तथापि पारावरच्या गोष्टीपेक्षा ते अधिक भरवशाचे असतात.

उलट दिशेची चूकही संभवते. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन ह्यांच्या २००८ च्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेतील घरांचे दलाल स्वतःचे घर विकताना ते गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवितात. ह्याचे कारण उघड आहे. दलाली शेकडा दोन धरली तर किंमत एक लाखाने वाढल्यास मध्यस्थाला दोन हजार मिळतात. तेवढ्यासाठी सहा महिने थांबण्यात त्याला स्वारस्य नसते. म्हणून ‘द्या आता, पुन्हा असे गिऱ्हाईक येणार नाही’ हा मध्यस्थाचा सल्ला ऐकावा, परंतु तो हिशेबाच्या कसोटीवर घासून मगच मानावा.

६. एका घरातील दोन हिशेब

आता मूळ उदाहरणाकडे वळता येईल. वर्षाला एक मागणी, प्रतीक्षेचा खर्च वर्षाला २ लाख आणि तो चौघांत सारखा वाटलेला, असे धरले तर पुण्याचा भाऊ आणि हैदराबादची बहीण ह्यांच्या दृष्टीने राखीव किंमत १९ लाख ३३ हजार येते. २० लाख स्वीकारावेत हे त्यांचे म्हणणे हिशेबास धरून आहे.

थोरला भाऊ आणि आई मात्र त्या घरात राहतात. तसेच घर भाड्याने घ्यावयाचे तर महिना ६ हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार पडतील असे समजू. त्या दोघांच्या निम्म्या वाट्यावर प्रतीक्षेचा खर्च १ लाख येतो. त्यातून वाचलेले भाडे वजा केले तर उरतात अवघे २८ हजार. सबंध घराच्या प्रमाणात हा खर्च ५६ हजारांचा ठरतो आणि त्यावरून त्यांची राखीव किंमत येते २१ लाख ८८ हजार. वीस लाखांना घर देऊ नये हे त्यांचे म्हणणेही हिशेबास तितकेच धरून आहे.

अशा घरांतील वाद ऐकले तर एक पक्ष दुसऱ्याला लोभी म्हणतो आणि दुसरा पहिल्याला बापाच्या घराची माया नसलेला म्हणतो. वस्तुतः दोघेही प्रामाणिकपणे एकच गणित वेगवेगळ्या खर्चावर मांडीत असतात. भावंडांची मने तुटतात ती किमतीवरून तुटल्यासारखी दिसतात. तुटतात ती न बोललेल्या भाड्यावरून.

ह्यावर उपाय आहे. थांबण्याच्या काळात घराच्या उपभोगाचे मूल्य चौघांचे मानावे आणि राहणाऱ्यांनी बाहेरच्या दोघांना त्यांच्या वाट्याचे, म्हणजे प्रत्येकी वर्षाला १८ हजार रुपये द्यावेत. आईच्या बाबतीत हा हिशेब न मांडण्याचे मुलांनी ठरविले तर तो त्यांचा अधिकार आहे. पण तसे ठरवावे, गृहीत धरू नये. असे केल्यास चौघांचा प्रतीक्षेचा खर्च एकत्र १ लाख २८ हजार होतो आणि सर्वांची राखीव किंमत एकच, सुमारे २० लाख ४४ हजार येते. म्हणजे घरात माणसे राहत आहेत तोवर २० लाखांना नम्रपणे नकार द्यावा आणि साडेवीसला येणाऱ्यास होकार द्यावा. उद्या आई धाकट्याकडे गेली, थोरल्याची बदली झाली आणि घराला कुलूप लागले, की राखीव किंमत पुन्हा १९ लाख ३३ हजारांवर येईल. तेव्हा तीच २० लाखांची मागणी स्वीकारण्यात कमीपणा नाही.

थोरल्याला २० लाख ही किंमत फारच कमी वाटत असेल, तर त्याच किमतीस बाकीच्यांचे वाटे त्याने घ्यावेत हा मार्गही खुला असतो. वारसा कायद्याच्या कलम २२ ने सहवारसाला असा अग्रहक्क दिला असून किमतीवर एकमत न झाल्यास ती न्यायालयाकडून ठरवून घेता येते. कौटिल्याने ज्ञातींना दिलेल्या पहिल्या स्थानाची आठवण ह्या तरतुदीने होते. ज्या किमतीस परक्याला द्यावयाचे नाही त्या किमतीस स्वतः घेण्याची तयारी आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहणे हीच राखीव किमतीची सर्वांत सोपी परीक्षा होय.

७. समारोप

ह्या विवेचनातून असे दिसते की कमी मागणी हा अपमानही नव्हे आणि आदेशही नव्हे. ती एक माहिती आहे. तिची किंमत ठरते ती सांगितलेल्या आकड्यावरून नव्हे, तर पुढचे गिऱ्हाईक केव्हा येणार, तोवर घर कोणाच्या उपयोगी पडणार आणि समोरचे गिऱ्हाईक खरेदीखतापर्यंत पोचणार की नाही ह्यांवरून. वरील आकडे कल्पित आहेत. प्रत्येक घरासाठी ते नव्याने मांडावे लागतील. परंतु मांडण्याची वेळ मात्र एकच : पहिले गिऱ्हाईक ओसरीवर येऊन बसण्यापूर्वी, सर्व वारसांच्या समक्ष आणि कागदावर. समोर चहाचे कप ठेवलेले असताना, मध्यस्थ घाई करीत असताना आणि गल्लीतील चार माणसे ऐकत असताना केलेला हिशेब बहुधा मानाचा असतो, घराचा नसतो.